जाणत्यांची शाळा

नागपूरच्या दक्षिण अंगास बेसा नांवाचें गांव आहे. पूर्वीं तें शेतांनीं वेढलेलें लहानसें गांव होतें; आतां शहर वाढत वाढत त्याच्या अंगणांत येऊन बसलें आहे. जवळच सोनेगांवचा विमानतळ. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस तो तयार झाला, आणि दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटिश हवाईदलानें वाटेवरचा थांबा म्हणून त्याचा उपयोग केला. आज तेथें प्रवाशांचीं विमानें उतरतात. बेसा येथील घराच्या गच्चीवर उभें राहिलेलें पोर एखादें विमान खालीं येतांना पाहतें, आणि त्याच्या पोटांतून बाहेर आलेलीं चाकें आईला बोट करून दाखवितें. विमान उतरायचें तर चाकें बाहेर हवींत, इतकें त्या पोरासहि कळतें.

परंतु १९४० सालच्या ऑगस्ट महिन्यांत लंडनच्या पश्चिमेस नॉर्थोल्ट येथें असे वैमानिक होते कीं, ते ही गोष्ट विसरत. ते नवशिके नव्हते. कित्येकांनीं शेंकडों तास आकाशांत काढलेले, कित्येकांनीं प्रत्यक्ष लढाई पाहिलेली. तरीहि चाकें न सोडतां विमान जमिनीवर आणून त्यांच्यापैकीं कांहींनीं नव्याकोऱ्या हरिकेन विमानाचें पोट घासून काढलें. जाणता मनुष्य शाळेंत बसला म्हणजे त्याची काय गत होते, याची ही कथा आहे.

हे वैमानिक पोलंडचे. १ सप्टेंबर १९३९ रोजीं जर्मनीनें त्यांच्या देशावर पश्चिमेकडून स्वारी केली, आणि १७ तारखेस रशियाचें सैन्य पूर्वेकडून आंत शिरलें. जुन्या, मंदगति विमानांनिशीं पोलिश वैमानिक लढले. पण देशच हातचा गेला तेव्हां लढण्यास भूमि उरली नाहीं. मग कोणी रुमानियांतून, कोणी हंगेरींतून, वेष पालटून, छावण्यांतून निसटून ते फ्रान्सला पोंचले. १९४० च्या जूनमध्यें फ्रान्सहि पडला. तेथून जीं जहाजें मिळालीं त्यांतून ते इंग्लंडला आले. त्या उन्हाळ्यांत आठ हजारांहून अधिक पोलिश हवाई सैनिक इंग्लंडांत गोळा झाले होते. त्यांच्याजवळ घर नव्हतें, घरच्यांची खबर नव्हती, आणि ज्या लोकांच्या बाजूनें लढावयाचें त्यांची भाषाहि येत नव्हती.

२ ऑगस्ट १९४० रोजीं नॉर्थोल्ट येथें ३०३ क्रमांकाची पोलिश लढाऊ स्क्वाड्रन उभी राहिली. अठराव्या शतकांत अमेरिकेच्या आणि पुढें स्वदेशाच्या स्वातंत्र्यासाठीं लढलेला वीर कोश्चुश्को याचें नांव तिला मिळालें. तिची मुख्य सूत्रें रोनाल्ड केलेट या इंग्रज अधिकाऱ्याकडे होतीं. जॉन केंट हा कॅनडाचा आणि ॲथोल फोर्ब्स हा इंग्रज, असे दोघे त्याच्या हाताखालीं दोन पथकांचे नायक. त्यांच्या जोडीला पोलिश अधिकारी होते. त्यांचा प्रमुख झ्जिस्लाव्ह क्रास्नोडेंब्स्की. म्हणजे युद्धाचा अनुभव ज्यांस आहे त्यांनीं विद्यार्थी व्हावयाचें, असा हा उलटा प्रकार होता.

प्रथम हातांनीं विसरावयाचें होतें. इंजिनाचा वेग वाढविणारी जी दांडी असते, ती पोलिश व फ्रेंच विमानांत आपल्याकडे ओढली म्हणजे वेग वाढे. ब्रिटिश विमानांत ती पुढें ढकलावी लागे. शांतपणें बसून विचार केला तर ही गोष्ट सोपी. पण शत्रु पाठीशीं लागला असतां मनुष्य विचार करीत नाहीं. हात आपोआप चालतो, आणि सवयीचा हात नेमकी उलट गोष्ट करतो. चाकांचेंहि तसेंच. पोलंडमधील त्यांच्या जुन्या लढाऊ विमानांचीं चाकें कायमचीं खालींच बसविलेलीं असत. तीं आंत घेणें नाहीं, बाहेर काढणें नाहीं. त्यामुळें उतरण्याच्या घाईंत चाकांची आठवण मनांत उगवतच नसे. कोऱ्या पाटीवर अक्षर काढणें सोपें. पण वळणदार जुनें अक्षर पुसून त्याच जागीं दुसरें काढणें फार कठीण. नॉर्थोल्टचें पहिलें शिक्षण हें असें पुसण्याचें होतें.

दुसरें शिक्षण मोजमापाचें. ज्यांस उंची मीटरांत, अंतर किलोमीटरांत आणि इंधन लिटरांत मोजण्याची जन्माची संवय, त्यांच्यापुढें आतां फूट, मैल आणि गॅलन येऊन उभे राहिले. ज्या घरांत शेर आणि पायली यांवर हात बसलेला होता, त्या घरांत पुढें किलो आणि लिटर आले तेव्हां गृहिणीची किती धांदल उडाली, हें वडीलधाऱ्या श्रोत्यांस आठवत असेल. तेथें चूक झाली तर भात कमी पडे. येथें चूक झाली तर विमान ढगाआडच्या टेकडीवर आदळावयाचें.

तिसरें आणि सर्वांत अवघड शिक्षण जिभेचें व कानांचें. इंग्लंडच्या संरक्षणाची सारी रचना त्या वेळीं आवाजावर उभी होती. किनाऱ्यावरचीं रडार केंद्रें व जमिनीवरचे निरीक्षक शत्रूची चाहूल घेत. ती वार्ता नियंत्रण कक्षांत जमा होई. आणि तेथून बिनतारी दूरध्वनीनें वैमानिकास सांगितलें जाई कीं, अमक्या दिशेस, अमक्या उंचीवर जा. ज्याला ते शब्द कळत नाहींत तो कितीहि शूर असला तरी आंधळा आणि बहिराच. शिवाय चुकून आपल्याच विमानावर गोळी झाडली जाण्याची धास्ती वेगळी.

म्हणून हे वैमानिक उक्सब्रिज येथें इंग्रजीच्या वर्गास बसत. तो इंग्रजी व्याकरणाचा वर्ग नव्हता. प्रथम एकपासून बारापर्यंत आंकडे, कारण आकाशांतील दिशा घड्याळाच्या तबकडीवरून सांगितली जाई: बारा म्हणजे समोर, सहा म्हणजे पाठीमागें, तीन म्हणजे उजव्या हातास. मग सांकेतिक शब्द. ‘एंजल’ म्हणजे देवदूत. पण येथें एक देवदूत म्हणजे एक हजार फूट उंची. ‘बॅन्डिट’ म्हणजे दरोडेखोर, अर्थात् शत्रूचें विमान. ‘पॅनकेक’ म्हणजे इंग्रजांच्या घरचें धिरडें. पण बिनतारीवर तो शब्द आला कीं समजावयाचें, खालीं उतरा. शब्दकोशांत एक अर्थ, कानांत दुसरा, आणि हातानें तिसरेंच कांहीं करावयाचें! भाषा शिकणाराची याहून विचित्र परीक्षा क्वचितच कोणी घेतली असेल.

हे शब्द अंगवळणीं पडावेत म्हणून एक गमतीची युक्ति काढण्यांत आली. वैमानिकांना सायकलींवर बसवून, बिनतारी यंत्रें देऊन, फुटबॉलच्या मैदानावर रचनेंत फिरविण्यांत येई. कानांत हुकूम आला कीं डावीकडे वळा, हुकूम आला कीं परत फिरा. वॉर्साच्या आकाशांत शत्रूशीं झुंजलेले पुरुष मैदानावर पोरांप्रमाणें सायकली फिरवीत आहेत, हें चित्र पाहून हसूं येईल. त्यांना मात्र तें हसण्यासारखें वाटत नव्हतें. देशांत आईबाप शत्रूच्या हातीं, लंडनच्या दक्षिणेकडे रोज लढाई चाललेली, दुसऱ्या स्क्वाड्रनचीं विमानें डोळ्यांदेखत उडत आहेत, आणि आम्ही मात्र सायकलीवर, हें शल्य त्यांना बोंचत होतें. अपमान गिळून धडा गिरविणें हा त्या महिन्याचा खरा अभ्यास होता.

परंतु या शाळेची एक थोर गोष्ट अशी कीं, तेथें गुरुहि शिकत होते. केलेट आणि फोर्ब्स यांना फ्रेंच येत होतें, पोलिश अधिकाऱ्यांपैकींहि पुष्कळांना येत होतें. त्यामुळें आरंभीं फ्रेंचच्या सांकवावरून दोन्ही बाजूंची येजा चाले. केंटला ती सोय फारशी नव्हती. त्यानें विमान चालवितांना लागणारे पोलिश शब्द विचारून घेतले आणि ते उच्चाराबरहुकूम आपल्या पाटलोणीवर लिहून ठेवले, म्हणजे आकाशांत मान खालीं घालतांच शब्द सांपडावा. ज्या मास्तरास विद्यार्थ्याची भाषा शिकण्याची लाज वाटत नाहीं, त्याच्यावर वर्गाचा लोभ जडतो. केंटच्या बाबतींत तसेंच झालें.

दिवसाचा क्रम काटेकोर असे. उड्डाणें, रचनेंत उडण्याचा सराव, बाँबफेकी विमान समोर धरून त्यावर चाल करण्याचा सराव, उतरल्यावर चुकांची उजळणी, पुन्हां उड्डाण. पोलिश यांत्रिकांचें काम तर रात्रींहि सरत नसे. त्यांनाहि नवें इंजिन, नवीं हत्यारें, नवीं नांवें शिकावयाचीं होतीं. वैमानिकाचें नांव वर्तमानपत्रांत येतें. त्याचें विमान पहांटेस पुन्हां उडण्याजोगें करणाराचें येत नाहीं.

३० ऑगस्टला या शाळेची परीक्षा न सांगतां झाली. केलेटच्या नेतृत्वाखालीं स्क्वाड्रन सरावासाठीं गेली होती. ब्लेनहाइम जातीचीं ब्रिटिश विमानें शत्रु समजून त्यांवर लटकी चाल करावयाची होती. इतक्यांत लुडविक पाश्कियेविच या वैमानिकास खरोखरीच लढाई चाललेली दिसली. त्यानें बिनतारीवरून केलेटला सूचना दिली. उत्तर आलें नाहीं. मग तो रचना सोडून निघाला आणि जर्मन विमान पाडून आला. केलेटनें इतरांस आवरून निःशस्त्रासारख्या असलेल्या ब्लेनहाइम विमानांना सुखरूप घरीं पोंचविलें, कारण सेनापतीचें कर्तव्य तेंच होतें. पाश्कियेविचला शिस्तभंगाबद्दल बोलणीं बसलीं, आणि पाठोपाठ अभिनंदनहि मिळालें. दुसऱ्या दिवशीं, ३१ ऑगस्टला, स्क्वाड्रनला प्रत्यक्ष युद्धांत भाग घेण्याची परवानगी मिळाली, आणि त्याच संध्याकाळीं तिनें आपलें पाणी दाखविलें.

पुढच्या सहा आठवड्यांत ३०३ स्क्वाड्रननें शत्रूचीं १२६ विमानें पाडल्याचा हिशेब त्या वेळीं मांडला गेला. पुढील संशोधकांनीं हा आंकडा बराच खालीं आणला आहे. धांवपळीच्या लढाईंत एकच विमान दोघांच्या खातीं पडतें. तथापि ती स्क्वाड्रन त्या संग्रामांतील अग्रगण्यांपैकीं होती याबद्दल वाद नाहीं. तेव्हांहि शंका घेणारे होते. नॉर्थोल्टचा मुख्य अधिकारी स्टॅन्ले व्हिन्सेंट हा स्वतः विमान घेऊन त्यांच्या मागोमाग गेला. हे लोक शत्रूच्या अगदीं जवळ भिडून मगच गोळी झाडतात, हें त्यानें डोळ्यांनीं पाहिलें आणि त्याची शंका फिटली. देंब्लिनच्या पोलिश विमानशाळेंत त्यांना शिकविलें होतें कीं, नजर सतत आकाशभर फिरती ठेवा आणि जवळ गेल्यावांचून नेम धरूं नका. तेव्हां विसरावयाचें तें सर्वच नव्हतें. हाताची जुनी संवय टाकावयाची, पण डोळ्यांची जुनी शिकवण राखावयाची; काय टाकावें आणि काय राखावें हा विवेक ज्यास साधला तोच प्रौढपणीं शिकूं शकतो.

या विद्येचें मोल जबर होतें. ६ सप्टेंबरला क्रास्नोडेंब्स्की भाजून जायबंदी झाला आणि विटोल्ड उर्बानोविच याच्याकडे पोलिश प्रमुखपद आलें. २७ सप्टेंबरला पाश्कियेविच पडला. योझेफ फ्रान्तिशेक हा याच स्क्वाड्रनमधला झेक वैमानिक. सतरा विमानें पाडल्यावर ८ ऑक्टोबरला तो अपघातांत गेला. ब्रिटनच्या त्या संग्रामांत एकूण १४५ पोलिश वैमानिक लढले.

त्यांचीं माणसें कोठें होतीं? युद्धाच्या त्या वर्षांत पोलंडमधून रशियांत नेलेलीं हजारों कुटुंबें पुढें इराणमार्गें बाहेर पडलीं, आणि त्यांतील सुमारें पांच हजार माणसें १९४३ पासून १९४८ पर्यंत कोल्हापूरजवळच्या वळिवडें येथें राहिलीं. बहुतेक बायका, मुलें व म्हातारे. पुरुष दूरच्या आघाड्यांवर. वळिवड्यांत त्यांनीं शाळा चालविल्या, प्रार्थनामंदिर उभारलें, मुलांचीं बालवीर पथकें काढलीं. नॉर्थोल्टला पुरुष परक्या भाषेंत शत्रूची दिशा शिकत होते, आणि पंचगंगेच्या खोऱ्यांत मुलें आपली भाषा विसरूं नये म्हणून धडे गिरवीत होतीं. एकीकडे विसरण्याची शाळा, दुसरीकडे न विसरण्याची. दोन्ही एकाच राष्ट्राच्या.

युद्ध जिंकलें गेलें, पण पोलंड स्वतंत्र झालें नाहीं. ८ जून १९४६ रोजीं लंडनला विजयाची मिरवणूक निघाली. त्या संग्रामांतील पोलिश वैमानिकांना निमंत्रण होतें. परंतु ज्यांच्याबरोबर ते लढले त्या बाकीच्या पोलिश सैन्यास तें नव्हतें. म्हणून तेहि गेले नाहींत. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत ३०३ स्क्वाड्रन विसर्जित झाली. १९४८ च्या नोव्हेंबरांत नॉर्थोल्टजवळ त्यांच्या स्मारकाचें अनावरण झालें. कोल्हापुरांतहि महावीर उद्यानांत वळिवड्याच्या पोलिश रहिवाशांचा स्मृतिस्तंभ आहे.

ज्या देशासाठीं हे पुरुष पुन्हां पाटी घेऊन बसले, तो त्यांपैकीं अनेकांना परत दिसला नाहीं. मग त्यांचें शिकणें वायां गेलें काय? लंडनच्या ज्या घरांवरचे बाँब टळले, तेथील माणसें याचें उत्तर निराळें देतील. पिकल्या वयांत, मानाच्या जागेवरून खालीं उतरून, पोरासारखें पहिल्या धड्यापासून शिकावें लागणें हा प्रसंग निर्वासितावरच येतो असें नाहीं. नवें यंत्र, नवी भाषा, नवें शहर घेऊन तो प्रत्येक घराच्या दारीं येतो. त्या वेळीं लाज सोडून विचारणें आणि चुकल्यावर पुन्हां उडणें, एवढेंच हातीं असतें.

बेसा येथील गच्चीवरच्या त्या पोराला चाकें दिसतात आणि तें टाळी वाजवितें. तें पोर मोठें होऊन कदाचित् पुष्कळ कांहीं शिकेल. त्यांतलें कांहीं विसरण्याची पाळी त्याच्यावर आली, तर मैदानावर सायकलींवरून फिरणारे ते वीर त्याला आठवावेत.