पेनाची सुई लांब आली तर

अनेक घरांत वडीलधाऱ्यांना इन्शुलिन टोचण्याचे काम शिकणाऱ्या मुलामुलींवर येते. हे चार शब्द मुख्यतः त्यांच्यासाठी.

पेनाच्या सुया 4, 5, 6, 8 मिलिमीटर लांबीच्या मिळतात. डब्यावर ‘32 जी’ असा आणखी एक आकडा असतो, तो जाडीचा. आणि गंमत अशी, की हा आकडा मोठा तितकी सुई बारीक! तेव्हा 4 ऐवजी 8 ची सुई घरी येणे अवघड नाही.

माणूस स्थूल असो वा कृश, त्वचेची जाडी सरासरी दोन ते अडीच मिलिमीटरच भरते. म्हणून 4 ची सुई जवळजवळ सर्वांना पुरते. जाड माणसाला लांब सुई हवी, ही समजूत निराधार आहे. कृश माणसाला 8 ची सुई सरळ टोचली, तर ती चरबी ओलांडून स्नायूत जाऊ शकते. तेथून इन्शुलिन वेगाने रक्तात उतरते, साखर एकाएकी घसरते. घाम सुटतो, हातपाय थरथरतात, प्रसंगी शुद्ध हरपते.

पण दुकान बंद आहे नि डोसची वेळ झाली आहे, तर? डोस चुकवू नका, मनाने कमी-अधिकही करू नका. पोटावर, बेंबीपासून दोन बोटे सोडून, त्वचेची हलकी चिमट धरा. सुई तिरपी, 45 अंशांत घाला. बटण पूर्ण दाबून दहा अंक मोजा. सुई काढल्यावरच चिमट सोडा. दंडावर मात्र ही सुई नको. आणि त्या रात्री ग्लुकोजची पूड उशाशी असू द्या.