‘ठाऊक नाही’ म्हणण्याचे धैर्य

वर्गात एखादा मुलगा न येणारे उत्तर ठोकून देतो, तर दुसरा ‘गुरुजी, मला हे येत नाही’ असे सांगतो. या दुसऱ्याला शिकविणे सोपे जाते. धरण, खाण वा कारखाना यांचा भोवतालच्या सृष्टीवर काय परिणाम होईल, याचे अहवाल लिहिणाऱ्या विद्वानांसही हाच न्याय लागू पडतो.

कोयनेचे धरण बांधले गेले, तेव्हा दक्षिणेचे पठार भूकंपापासून जवळजवळ मुक्त आहे, अशी शास्त्राची समजूत होती. अभियंते हलगर्जी नव्हते. हिशेब चोख होता. परंतु ज्या पायावर तो उभा होता, तोच अपुरा होता. १९६२ च्या सुमारास जलाशय भरू लागला, तसे लहान धक्के जाणवू लागले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे मोठा भूकंप झाला आणि दीडशेहून अधिक माणसे दगावली. धरणाला भेगा पडल्या, तरी ते टिकले, व पुढे बळकट करण्यात आले. साचलेल्या पाण्याचा भार आणि खडकांत झिरपणारे पाणी यांचा या धक्क्यांशी संबंध आहे, असे शास्त्रज्ञ आज मानतात. तरीही शोध संपलेला नाही. २०१७ मध्ये त्या परिसरात सुमारे ३ किलोमीटर खोल विवर पाडून पृथ्वीलाच प्रश्न विचारण्यात आला. यालाच मी नम्रता म्हणतो.

आपल्या देशात असे अहवाल १९९४ पासून कायद्याने आवश्यक झाले. पण पुष्कळदा पावसाळा वगळून एकाच ऋतूची निरीक्षणे होतात, आणि ‘परिणाम नगण्य’ असा निर्वाळा दिला जातो. सह्याद्रीच्या सड्यांवरील कित्येक वनस्पतींचे सारे आयुष्य तर पावसाळ्यातच सरते! वैशाखात सडा पाहणाऱ्यास तेथे केवळ कातळ दिसावा, यात नवल ते काय?

कोणी म्हणेल, अज्ञान कबूल केले तर लोकांचा विश्वास उडेल, कामेही खोळंबतील. मला तसे वाटत नाही. विश्वास उडतो तो खात्री खोटी ठरल्यावर. आणि अज्ञानाची कबुली म्हणजे आळसाला सबब नव्हे. अहवालात काय निश्चित, काय अंदाज आणि काय अज्ञात, हे वेगवेगळे लिहावे; अंदाज चुकल्यास ते कोण पाहणार व काय बदलणार, हेही लिहावे.

आपल्या गावी जनसुनावणी झाली, तर एवढेच विचारा : ‘महाशय, आपणांस काय ठाऊक नाही?’ जो शांतपणे उत्तर देईल, त्याच्या बाकीच्या म्हणण्यावर विश्वास ठेवावयास हरकत नाही.