कुत्र्याला जर्मनीला न्यायचंय? मग आधी चिप!

आज आमच्या मोतीची गोष्ट. बर्लिनची नोकरी पक्की झाली आणि महिन्याभरात आम्ही दोघं निघालो. मोती मात्र पाच महिने पुण्यात आईकडे राहिला. चूक माझीच.

त्याची रेबीजची लस वेळेवर झाली होती, पण मायक्रोचिप नव्हती. युरोपियन युनियनचा नियम असा, की चिप आधी, लस नंतर. चिपच्या आधी दिलेली लस ते धरतच नाहीत. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात!

तर क्रम लिहून घ्या. चिप, मग लस. लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त घ्यायचं आणि युनियनची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत पाठवायचं. अँटिबॉडी मिलिलिटरमागे किमान ०.५ आययू हव्यात. रिपोर्ट चांगला आला, तरी लगेच निघता येत नाही. रक्त घेतल्या तारखेपासून तीन महिने थांबायचं. रेबीजच्या बाबतीत सूट असलेल्या देशांच्या यादीत भारत नाही, म्हणून ही अट. शेवटी, निघायच्या आधी सरकारी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचं आरोग्य प्रमाणपत्र.

पोचल्यावरही कामं असतातच. जर्मनीत कुत्र्यावर कर आहे. बर्लिनमध्ये पहिल्या कुत्र्यासाठी वर्षाला १२० युरो. कुत्र्यानं कुणाचं नुकसान केलं तर भरपाईसाठी विमा, तोही बर्लिनमध्ये सक्तीचा.

ते पाच महिने आई रोज फोन मोतीच्या कानाला लावायची. माझा आवाज ऐकून तो दाराकडे धावायचा. हे तुमच्या वाट्याला नको, म्हणून सांगतो: व्हिसाचा अर्ज भराल त्याच आठवड्यात चिप बसवून घ्या.