धरण कां उलटत नाहीं?

बाळकुमाजवळून मुंबईस पाणी नेणारे प्रचंड नळ जातात. मुंबईची तहान भागविणारें तानसा येथील दगडी धरण १८९२ सालीं पुरें झालें. एवढें पाणी अडवून उभी राहिलेली भिंत उलटत कां नाहीं? ह्याचें उत्तर गुरुत्वमध्यांत आहे.

आयताचा गुरुत्वमध्य बरोबर मध्यावर असतो. काटकोन त्रिकोणाचा, काटकोनापासून पायाच्या तृतीयांश अंतरावर. धरणाचा छेद म्हणजे, ढोबळ मानानें, पाण्याकडे आयत व त्याला टेकलेला त्रिकोण. अशा संयुक्त आकृतीचे ओळखीचे तुकडे पाडावे. प्रत्येकाचें क्षेत्रफळ त्याच्या मध्याच्या अंतरानें गुणावें. गुणाकारांच्या बेरजेस एकूण क्षेत्रफळानें भागावें. आंत पोकळी असेल तर ती वजा धरावी.

कागद-पेन्सिल घ्या. भिंतीची उंची ३० मीटर, माथा ४ मीटर. आयताचें क्षेत्रफळ १२०, मध्य पाण्याकडील बाजूपासून २ मीटरांवर. त्रिकोणाचा पाया १२ मीटर, क्षेत्रफळ १८०, मध्य ८ मीटरांवर. २४० आणि १४४० मिळून १६८०. त्यास ३०० नें भागतां ५.६ मीटर येतात. १६ मीटरांच्या पायाच्या मधल्या तृतीयांशांतच हें अंतर पडतें.

आतां तलाव काठोकाठ भरूं द्या. लांबीच्या दर मीटरास पाण्याचा ४५० टनांचा रेटा, पायापासून १० मीटर उंचीवर, लागूं लागतो. बांधकाम पाण्याच्या २.४ पट जड धरल्यास भिंतीचें वजन ७२० टन. भाररेषा ६.२५ मीटर सरकून ११.८५ मीटरांवर जाते. मधला तृतीयांश मात्र १०.६७ मीटरांवर संपतो! भिंत तत्काळ उलटणार नाहीं. परंतु पाण्याकडील पायथ्याशीं ताण पडेल, आणि दगड-चुना दाब सोसतो, ताण सोसत नाहीं. त्रिकोणाचा पाया १८ मीटर केला, तर भाररेषा १२.३५ मीटरांवर येते व मर्यादा १४.६७ वर जाते.

मुंबई नगरपालिकेचे अभियंते कॅप्टन टलक ह्यांच्या विचारणेवरून प्राध्यापक रँकिन ह्यांनीं १८७२ सालीं हाच मध्य-तृतीयांशाचा नियम मांडला. तो न पाळल्याचें फळ फ्रान्समधील बूझे येथें दिसलें. २७ एप्रिल १८९५ रोजीं तेथील धरण फुटून ८० हून अधिक माणसें दगावलीं. चिरेंत शिरलेल्या पाण्यानें भिंत आंतून उचलली होती. म्हणून पुढें हा वर उचलणारा रेटाहि हिशेबांत धरूं लागले.

धरणाखालच्या गांवांत लोक रात्रीं निर्धास्त निजतात, तें ह्या साध्या गुणाकार-भागाकाराच्या भरंवशावर.