व्यसनग्रस्त मित्र आणि आपले कर्तव्य



मद्याच्या आहारी गेलेल्या मित्राची उधारी फेडणारा, त्याच्या घरी खोटी कारणे सांगणारा मनुष्य स्वतःला उपकारकर्ता समजतो. प्रत्यक्षात त्यामुळे मित्राचे पिणे तेवढे निर्वेध चालू राहते.

दुसरी चूक अधिक घातक, आणि ती सद्भावनेतून घडते. मित्राला मंदिरात नेऊन आजन्म त्यागाचा नियम घ्यायला लावायचा, आणि त्याच दिवशी बाटली बंद! संकल्प थोर खराच. पण वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याचे मद्य एकाएकी तुटले, तर दोन-तीन दिवसांत कंप, झटके, भ्रम, प्रसंगी मृत्यूही ओढवू शकतो. म्हणून संकल्पासोबत डॉक्टर हवाच. पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या मुक्तांगणासारख्या केंद्रांत हे उपचार होतात. शासनाची १४४४६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवाही आहे.

मित्राचे खरे काम रुग्ण घरी परतल्यावर सुरू होते. जी सायंकाळ पूर्वी गुत्त्यात जाई, ती त्याच्यासोबत फिरण्यात घालवावी. तो पुन्हा घसरला, तरी दार लावू नये. पैसे मात्र हाती देऊ नयेत. उपचारांचे बिल परस्पर रुग्णालयात भरावे.