पदवीनंतरचे संगणक-शिक्षण : कॉलेजात आणि घरी राहून

(संस्थेच्या पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पदवीनंतर संगणकाचे कोणते शिक्षण घ्यावे, आणि ते कॉलेजात जाऊन घ्यावे की घरी राहून, या विषयावर मी बोलावे अशी संस्थेची आज्ञा झाली. मी साधा बी.ए., बी.एड. शिक्षक, संगणकशास्त्रातला अधिकारी पुरुष नव्हे. परंतु दरवर्षी निकाल लागले की आमचे जुने विद्यार्थी प्रवेशाचे अर्ज घेऊन शाळेत येतात. ते अर्ज भरता भरता जे समजले आणि पडताळून पाहिले, तेवढेच आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम एक आकडा. न्यायमूर्ती सच्चर समितीने नोव्हेंबर २००६ मध्ये आपला अहवाल दिला. देशातल्या नामांकित महाविद्यालयांत पदवीच्या वर्गातल्या दर २५ विद्यार्थ्यांमागे १ मुस्लिम आणि पदव्युत्तर वर्गातल्या दर ५० विद्यार्थ्यांमागे १ मुस्लिम, असे त्यात नमूद आहे. म्हणजे मुळात तुटपुंजे असलेले आपले प्रमाण पदवीनंतरच्या पायरीवर आणखी निम्म्याने उतरते. यावर पंधरा वर्षे गेली. २०२०-२१ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात मुस्लिम विद्यार्थ्यांची संख्या १९.२१ लाख, म्हणजे एकूण विद्यार्थ्यांच्या ४.६ टक्के निघाली. आदल्या वर्षी ती २१ लाख होती. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्येतला आपला वाटा १४.२ टक्के होता, तो यापुढे ठेवून पाहावा.

ही गळती कशी होते हे समजायला समितीची गरज नाही. मुलगा बी.सी.ए. झाला की वडिलांच्या दुकानावर बसतो किंवा मिळेल ती दहा-बारा हजारांची नोकरी धरतो, कारण घराला हातभार हवा असतो. मुलगी बी.एस्सी. झाली की घरातले वडीलधारे म्हणतात, "आता पुरे." दोघांपैकी कोणाचीही बुद्धी कमी पडलेली नसते. कॉलेजचा सकाळी दहा ते संध्याकाळी पाच हा वेळ त्यांच्यापाशी नसतो, इतकेच. म्हणून दूरशिक्षणाचा विषय आज मी अधिक वेळ घेऊन बोलणार आहे. पण ज्यांना कॉलेजात जाणे शक्य आहे त्यांचे आधी सांगतो, कारण माझे स्पष्ट मत असे आहे की शक्य असेल त्याने कॉलेजातच जावे.

संगणकातल्या पदव्युत्तर शिक्षणाच्या तीन मुख्य वाटा आहेत. एम.एस्सी. (संगणकशास्त्र) दोन वर्षांची. आपल्या नागपूर विद्यापीठाच्या अमरावती मार्गावरील परिसरात इलेक्ट्रॉनिक्स व संगणकशास्त्राचा विभाग आहे, तेथे ती होते. हे विद्यापीठ १९२३ सालचे; राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव त्याला २००५ मध्ये मिळाले. फी खासगी महाविद्यालयांच्या मानाने पुष्कळच कमी. ज्याला पुढे नेट-सेट देऊन प्राध्यापक व्हायचे आहे त्याने ही वाट धरावी.

दुसरी एम.सी.ए. पूर्वी ती तीन वर्षांची होती. तंत्रशिक्षण परिषदेने २०२०-२१ पासून दोन वर्षांची केली. अजूनही पुष्कळ पालक "तीन वर्षे कोण थांबणार" म्हणून हिची चौकशीच करीत नाहीत. त्यांनी हे ध्यानात घ्यावे. नागपुरातल्या महाविद्यालयांत प्रवेश हवा तर राज्याच्या सी.ई.टी. कक्षाची एम.सी.ए.ची परीक्षा द्यावी लागते. गणित, तर्क, इंग्रजी आणि संगणकाच्या मूळ कल्पना असे तिचे विषय. बारावीला किंवा पदवीला गणित घेतलेले असावे, म्हणून बी.कॉम. व बी.ए.च्या मुलांनी बारावीची गुणपत्रिका आधी काढून पाहावी. होतकरू मुलाने याच तयारीवर निमसेट ही राष्ट्रीय परीक्षाही द्यावी. रायपूर आणि भोपाळ या आपल्या दोन्ही बाजूंच्या राष्ट्रीय तंत्रशिक्षण संस्थांत एम.सी.ए. तिच्यावरून मिळते. मात्र तेथे चुकीच्या उत्तराला गुण कापतात. अंदाजपंचे खुणा करणाऱ्याने जपून राहावे.

तिसरी वाट एम.टेक्.ची, ती मुख्यतः अभियांत्रिकी पदवीधरांची. गेट परीक्षेत चांगला क्रमांक लागला तर बजाजनगरजवळच्या विश्वेश्वरय्या संस्थेत, १९६० सालच्या आपल्या जुन्या व्ही.आर.सी.ई.त, शिकता येते. गेटवरून गेलेल्याला दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते. शिकायचे आणि वर पैसे मिळवायचे, असे हे शिक्षण आहे. आणि मोमिनपुऱ्यात, हसनबागेत किंवा कामठीत मी ज्यांना ज्यांना हे सांगितले त्यांतल्या बहुतेकांनी ते प्रथमच ऐकले.

आता घरी राहून शिकणाऱ्यांकडे वळतो. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, ज्याला आपण इग्नू म्हणतो, १९८५ मध्ये संसदेच्या कायद्याने स्थापन झाले. त्याचे विभागीय केंद्र नागपुरात आहे. तेथल्या एम.सी.ए.ला वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलै सत्रासाठी, प्रवेश असतो. किमान दोन वर्षांत पदवी मिळते, पण चार वर्षांपर्यंत मुदत आहे. ही मुदत मला सर्वांत मोलाची वाटते. घरात आजारपण आले, नोकरीत बदली झाली, एखादे सत्र हातचे गेले, तरी वाट बंद होत नाही. मुलीचे लग्न ठरून ती अकोल्याला किंवा हैदराबादला गेली तर अर्ज करून तिचे केंद्र तिकडे बदलून घेता येते. तेव्हा लग्न आहे म्हणून शिक्षण थांबवावे लागते, ही सबब येथे टिकत नाही. उलट बोलणी करतानाच मुलीच्या वडिलांनी सासरच्यांना सांगावे की एवढ्या परीक्षा उरल्या आहेत, त्या ती देईल.

परंतु घरी राहून म्हणजे सोपे, असा समज कोणी करून घेऊ नये. हिशोब पाहा. हा अभ्यासक्रम ८० श्रेयांकांचा आहे आणि एका श्रेयांकाला विद्यापीठ ३० तासांचा अभ्यास धरते. म्हणजे २,४०० तास. दोन वर्षांत संपवायचे तर रोज सव्वातीन तास, रविवार आणि ईद धरून. पुस्तके मिळतात, पण ती वाचून घेणारे कोणी नसते. स्वाध्याय वेळेवर लिहून द्यावे लागतात, प्रात्यक्षिकाच्या सत्रांना हजर राहावे लागते, जून आणि डिसेंबरमध्ये परीक्षा असते, शेवटी प्रकल्प. माझ्या पाहण्यातली मुले परीक्षेत नापास होऊन फारशी अडली नाहीत. स्वाध्याय दिले नाहीत म्हणून अडली. दिवसभर मोबाईलच्या दुकानात उभा राहणारा मुलगा रात्री नऊ ते बारा बसणार असेल, तर घरातल्यांनी त्या वेळी टीव्हीचा आवाज कमी ठेवावा आणि पाहुण्यांची सरबराई त्याच्यावर टाकू नये. मुलीच्या बाबतीत तर हे दुप्पट खरे. ती घरी आहे म्हणजे रिकामी आहे, असे सगळे धरून चालतात.

नोकरीच्या बाजूचेही खरे ते सांगतो. कंपन्या उमेदवार निवडायला कॉलेजात येतात, दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्याच्या घरी येत नाहीत. मिहानमध्ये टी.सी.एस., एच.सी.एल. यांसारख्या मोठ्या कंपन्या आहेत, तेथे त्याने स्वतः अर्ज करून त्यांच्या चाचण्या द्याव्या लागतील. म्हणून त्याच्याजवळ पदवीशिवाय दाखवायला काही काम हवे: स्वतः लिहिलेला, चालणारा एखादा प्रोग्राम, मग तो मोहल्ल्यातल्या किराणा दुकानाच्या उधारीच्या वहीचा का असेना. शिवाय आय.आय.टी.च्या प्राध्यापकांची व्याख्याने एन.पी.टी.ई.एल. आणि स्वयम् या सरकारी योजनांतून फुकट ऐकता येतात. प्रमाणपत्र हवे असेल तरच परीक्षेची फी. दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्याला शिक्षक नाही ही उणीव त्यातून बरीच भरून निघते.

उर्दू माध्यमातून आलेली मुले मला विचारतात, "सर, इंग्रजी कसे झेपणार?" अल्गोरिदम हा शब्दच नवव्या शतकातल्या बगदादच्या अल्-ख्वारिज्मीच्या नावावरून आला, हे आपल्याकडे प्रत्येक सभेत अभिमानाने सांगतात. सांगावे, पण त्या अभिमानावर पेपर सुटत नाही. प्रोग्रामच्या भाषेतले शब्द मोजके असतात, ते दोन-तीन महिन्यांत हातात बसतात. अडते ते पाठ्यपुस्तकाच्या इंग्रजीने, आणि त्यासाठी पदवीच्या शेवटच्या वर्षापासून रोज दोन पाने शब्दकोश घेऊन वाचण्यावाचून दुसरा उपाय मला माहीत नाही.

आता सावधगिरीची गोष्ट. काही वर्षांपूर्वी माझा एक जुना विद्यार्थी एका गाळ्यातल्या शिकवणी वर्गात साठ हजार रुपये भरून आला. बाहेर फलक होता, "घरबसल्या एम.टेक्." त्या पदवीचा त्याला आजतागायत उपयोग झालेला नाही. अभियांत्रिकीच्या पदव्या, मग बी.टेक्. असो वा एम.टेक्., दूरशिक्षणाने घेता येत नाहीत. ३ नोव्हेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार अभिमत विद्यापीठांनी पत्रद्वारा दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांबाबत निकाल दिला. २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या पुन्हा परीक्षा देईपर्यंत स्थगित झाल्या आणि नंतरच्यांच्या रद्द झाल्या. नोकरीत पुढे गेलेल्या माणसांवर ही पाळी आली. एम.सी.ए. मात्र दूरशिक्षणाने घेता येते, आणि मान्यता असेल तर ती कॉलेजातल्या पदवीच्या बरोबरीची मानली जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमांत तसे आहे आणि सप्टेंबर २०२२ मध्ये आयोगाने ते पुन्हा जाहीर केले.

तेव्हा पैसे भरण्यापूर्वी आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर पाहावे. नुसते विद्यापीठाचे नाव यादीत असणे पुरत नाही. तुमचा अभ्यासक्रम आणि तुमचे सत्र त्यात असले पाहिजे. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा असो, हैदराबादच्या मौलाना आझाद उर्दू विद्यापीठाचा असो किंवा आणखी कोणाचा, कसोटी हीच लावावी. दुसऱ्या राज्यातल्या विद्यापीठाचे "केंद्र" म्हणून कोणी गाळा थाटला असेल तर तेथे पाऊल ठेवू नये. नियमांनी असे ठेक्याने केंद्र देता येत नाही. २०२४ पासून विद्यार्थ्याला प्रवेशाआधी आयोगाच्या संकेतस्थळावर स्वतःचा डी.ई.बी. क्रमांक काढावा लागतो. जो दलाल म्हणेल की त्याची गरज नाही, त्याला तेथूनच नमस्कार करावा.

पैशाचे थोडक्यात. नियमित कॉलेजात जाणाऱ्या अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी उच्च व व्यावसायिक शिक्षणाची राज्याची शिष्यवृत्ती आहे. तिचा अर्ज महाडीबीटीवर भरतात. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ २००० सालापासून आहे, ते शैक्षणिक कर्ज देते. ज्या बिरादऱ्या इतर मागासवर्गीय यादीत आहेत त्यांनी जातीचा दाखला, वैधता आणि नॉन-क्रिमिलेअर ही कागदपत्रे मुलगा बारावीत असतानाच तयार ठेवावीत. प्रवेशाच्या आठवड्यात तहसील कचेरीच्या रांगेत उभे राहून हा कागद मिळत नाही, आणि त्यापायी हातात आलेली जागा गेलेली मी पाहिली आहे. उत्पन्नाचा दाखला मात्र त्या त्या वर्षी ताजा काढावा.

माझ्याजवळ आज सी.ई.टी.च्या आणि इग्नूच्या माहितीपुस्तिकांच्या प्रती आहेत, त्या मागच्या टेबलावर ठेवल्या आहेत. बारावीची आणि पदवीची गुणपत्रिका ज्यांनी सोबत आणली असेल त्यांनी सभा संपल्यावर तेथे यावे. आधी मुलींचे अर्ज पाहू, कारण त्यांना अंधार पडण्यापूर्वी घरी पोहोचायचे आहे.