मांजराच्या दृष्टीतून माणूस



कुत्रा माणसावर माया करतो आणि मांजर घरावर, असा समज आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या रूढ आहे. वरकरणी निरुपद्रवी वाटणाऱ्या या समजाची किंमत मात्र एका मुक्या जीवाला मोजावी लागते. बिऱ्हाड हलते तेव्हा भांडीकुंडी जातात, तुळशीची कुंडीही जाते. मांजर तेवढे 'त्याला घराचीच ओढ' असे म्हणून मागे ठेवले जाते. म्हणूनच मांजर आपल्या माणसाकडे कोणत्या दृष्टीने पाहते, या प्रश्नाचा विचार कर्तव्यबुद्धीने व्हावयास हवा.

हा सहवास फार प्राचीन आहे. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका मानवी दफनाशेजारी मांजराचा सांगाडा सापडल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले. त्या बेटावर मांजरे मूळची नव्हती. ती माणसानेच नावेतून नेली असली पाहिजेत. माणसाने धान्य साठविले, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे रानमांजर आले. परंतु हे रानमांजर एकट्याने शिकार करणारे होते. लांडग्याप्रमाणे कळपात राहण्याचा वारसा त्याला नव्हता. मांजर हुकूम ऐकत नाही याचे मूळ येथे आहे. त्या स्वभावाला कृतघ्नता म्हणणे अन्यायाचे होय.

मग मांजर माणसाला मानते तरी काय? ब्रिस्टल विद्यापीठातील प्राणिवर्तनाचे अभ्यासक जॉन ब्रॅडशॉ यांनी एका लक्षणीय गोष्टीकडे लक्ष वेधले आहे. माणसाशी वागण्याची निराळी रीत मांजराने फारशी घडविलेली नाही. शेपटी ताठ उभारून सामोरे येणे, अंग घासणे, चाटणे, या साऱ्या क्रिया मांजरे आपसांत स्नेहभावाने करतात. मांडीवर बसून पुढच्या पंजांनी मळल्यासारखे करणे हे तर पिल्लाने आईचे दूध पिताना केलेल्या हालचालींचे अवशेष होत. म्हणजे ज्या खुणांनी मांजर आपल्या आईला व आप्तांना ओळख देते, त्याच खुणा ते आपल्या माणसाला अर्पण करते.

'म्याँव' या शब्दाचेही तसेच आहे. पिल्लू आईला हाक मारते. मोठी झालेली मांजरे मात्र एकमेकांना अशी हाक क्वचितच देतात. ती हाक उरते माणसासाठी! ससेक्स विद्यापीठातील कॅरन मॅकोम्ब यांच्या २००९ च्या अभ्यासानुसार, खाणे मागताना काही मांजरे आपल्या गुरगुरीत रडण्यासारखा एक उंच स्वर मिसळतात आणि मांजर न पाळलेल्यांनाही त्यातील निकड जाणवते.

जपानमधील आत्सुको साइतो यांनी २०१३ साली दाखवून दिले की, मांजर आपल्या माणसाचा आवाज परक्याच्या आवाजातून ओळखते. २०१९ साली त्यांनीच मांजराला स्वतःचे नावही ओळखता येते, हे सिद्ध केले. मात्र हाक ऐकून मांजर बहुधा कान वा मान वळविते; उठून येतेच असे नाही. ऐकणे आणि आज्ञा पाळणे यांत अंतर आहे, एवढाच त्याचा अर्थ.

या बंधाच्या स्वरूपाविषयी विद्वानांत एकमत नाही, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. २०१५ साली लिंकन विद्यापीठातील पॉटर व मिल्स यांनी असा निष्कर्ष काढला की, मांजर बरेचसे स्वावलंबी असून सुरक्षिततेसाठी माणसाचा आधार शोधत असल्याचा पुरेसा पुरावा दिसत नाही. उलट २०१९ साली ऑरेगन स्टेट विद्यापीठातील क्रिस्टिन व्हिताले यांनी पिल्लांना अनोळखी खोलीत दोन मिनिटे आपल्या माणसासोबत, दोन मिनिटे एकटे व पुन्हा दोन मिनिटे सोबत ठेवले. सुमारे ६४ टक्के पिल्ले माणूस परतताच शांत झाली आणि निर्धास्तपणे खोली न्याहाळू लागली. प्रौढ मांजरांतही प्रमाण जवळजवळ तेवढेच आढळले. यावरून एवढे निश्चित म्हणता येईल की, अनेक मांजरांना आपला माणूस हा आधार वाटतो. सर्वांनाच तो तसा वाटत नाही. त्यात बालपणाचा वाटा मोठा असतो. वयाच्या दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात मायेचा मानवी स्पर्श लाभलेले पिल्लू पुढे माणसाशी सहज जुळते.

घराची ओढ खोटी नाही. ओळखीच्या गंधांनी भरलेली जागा मांजराला प्रिय असतेच. पण त्यावर उपाय आहे. नव्या घरी आरंभी एकच खोली द्यावी, जुने अंथरूण न धुता तेथे घालावे, दोन-तीन आठवडे बाहेर सोडू नये. रोखून न पाहता डोळे हळूच मिटून उघडावेत. २०२० च्या एका अभ्यासात अशा मंद उघडझापीला मांजरांनी तसाच प्रतिसाद दिल्याचे दिसले आहे.

मांजराचा स्नेह अबोल आणि मोजका आहे. तो ओळखण्याची दृष्टी आली, तर सामानाची शेवटची खेप निघताना दाराशी बसलेला तो जीव मागे राहणार नाही.